पडद्यावरील बार आणि प्रत्यक्ष भेट

माणसाला माणूस लागतो. घरात अन्नधान्य भरलेले असले तरी बोलायला कोणी नसेल तर दिवस सरत नाही. ही गोष्ट 2020 साली साऱ्या जगाला नव्याने कळली.

त्या वर्षी 17 मार्चला फ्रान्समध्ये आणि 20 मार्चला आपल्या मॉरिशसमध्ये लोकांना घरात राहण्याचा हुकूम झाला. बार बंद पडले. तेव्हा फ्रान्समधील लोकांनी संध्याकाळचा 'आपेरो' संगणकाच्या पडद्यावर सुरू केला. जपानमध्येही तसेच झाले. प्रत्येकाने आपल्या घरी पेला भरायचा आणि झूमवर एकत्र बसायचे. झूमच्या सभांतील रोजची हजेरी डिसेंबर 2019 मध्ये सुमारे 1 कोटी होती. एप्रिल 2020 मध्ये ती 30 कोटींवर गेली.

या बारमध्ये उणीव कोणती? शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर तेथे वर्ग भरतो, पण मधली सुट्टी होत नाही. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार सांगतात की सहज गप्पांत सहसा चारच माणसे टिकतात. पाचवा आला की गट फुटतो. गावच्या लाबुतिकपाशी हेच दिसते. दोघे इंग्लंडच्या फुटबॉलवर बोलतात, तिघे उसाच्या भावावर, आणि गाजाकची बशी सर्वांत फिरते. एखादा गप्प असेल तर शेजारचा हळूच विचारतो, घरी सर्व ठीक ना? बारा जणांदेखत पडद्यावर हा प्रश्न कोण विचारणार?

शिवाय पडद्यासमोर थकवा येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये त्याची कारणे मांडली: समोर सतत मोठे चेहरे, त्यांत आपलाही चेहरा, एका जागी बसणे आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखण्यासाठी जास्त श्रम.

तरी पडदा टाकाऊ नव्हे. फ्रान्स, इंग्लंड, कॅनडात गेलेल्या मुला-नातवंडांची तोंडे आजी-आजोबांना त्यातच दिसतात. दूरच्यांसाठी तो अवश्य ठेवावा. परंतु दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या वृद्ध काकांनाही आपण फोनवर फुलांचे चित्र पाठवून मोकळे होतो, हे बरे नव्हे. आपले बेट सुमारे 65 किलोमीटर लांब. बसने दुसऱ्या टोकाला जाऊन त्याच दिवशी परत येता येते.

तेव्हा वाचक बंधुभगिनींनो, या रविवारी फोन घरी ठेवून एका तरी आप्ताच्या दारी जा. पेल्यात लिंबाचे सरबत असले तरी बैठक रंगेल.