हिवाळ्यातला किनारा आणि जाड टायरची सायकल



जुलै महिना लागला की आमची आजी एक वाक्य हमखास म्हणे, "समुद्राकडे जाऊ नका रे, वारा लागेल." आपले पूर्वज जहाजाने या बेटावर आले खरे, पण उतरल्यावर बहुतेक जण उसाच्या मळ्यांत गेले. पुढे समुद्राशी आपला संबंध राहिला तो गणपतीच्या विसर्जनापुरता आणि उन्हाळ्यातल्या सहलींपुरता. हिवाळ्यातला किनारा आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला आहे.

मीही त्यांतलीच. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझी साखर वाढल्याचे सांगितले. गोळ्या दिल्या आणि रोज थोडा व्यायाम करा म्हणाले. गुडघे दुखत असल्यामुळे चालणे जमेना. तेव्हा माझा भाचा आपली जाड टायरची सायकल घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, ही चालवून बघ. हिच्यावर गुडघ्याला धक्के बसत नाहीत."

ही सायकल मूळची आपल्याकडची नव्हे. अलास्कातला बर्फ आणि अमेरिकेतल्या वाळवंटातली वाळू यांवरून जाता यावे म्हणून १९८० च्या दशकात काही हौशी लोकांनी रुंद चाके तयार केली. साधे टायर दीड-दोन इंच रुंद असते, हे सुमारे चार इंच. त्यात हवाही अगदी कमी भरतात. रस्त्यावरच्या साध्या टायरात चाळीस-पन्नास पौंड दाब असतो. वाळूवर या टायरात आठ-दहा पौंडही पुरे होतात. हवा कमी असली की टायर चपटे होऊन जमिनीवर पसरते, वजन वाटले जाते आणि चाक रुतत नाही. उंटाचे पसरट पाऊल वाळूत रुतत नाही, तसेच हे आहे.

हिवाळा या सायकलीला सोयीचा. आपल्याकडे उन्हाळ्यात सरासरी तापमान २४.७ अंश असते, तर हिवाळ्यात २०.४. ऊन सोसवते आणि किनाऱ्यावर गर्दी नसते. पण याच दिवसांत आग्नेयेचे व्यापारी वारे जोरात असतात, आणि त्यांनीच मला पहिला धडा शिकवला.

गेल्या वर्षीच्या हिवाळी सुट्टीत आम्ही मावशी-भाचे रियांबेलहून दुपारी निघालो. तोंड पश्चिमेला, बेल ओंब्रच्या दिशेने. कधी ओल्या वाळूवरून, कधी रस्त्याने सायकल अशी धावत होती की मला वाटले, माझे वय वीस वर्षांनी कमी झाले! ती ताकद माझी नव्हती, पाठीमागच्या वाऱ्याची होती, हे परत फिरल्यावर कळले. आता तोच वारा तोंडावर आला. वाळूचे कण डोळ्यांत जाऊ लागले. हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि आमच्याजवळ दिवा नव्हता. दुपारी मी नीट जेवलेही नव्हते. रियांबेल जवळ आले तेव्हा माझे हात थरथरू लागले आणि घाम फुटला. साखर उतरली होती.

लवकर रस्ता गाठावा म्हणून मी वाळूवरच्या हिरव्या वेलींवरूनच सायकल घातली. तेवढ्यात होडीपाशी जाळे आवरणारा एक म्हातारा कोळी क्रिओलीत ओरडला, "मादाम, तुमचे टायर कुठूनही जाते, म्हणून तुम्ही कुठूनही जाणार का? ही वेल गेली की वाळू जाईल. वाळू गेली तर मी होडी कुठे ठेवू?"

मी खाली उतरले. माझा चेहरा पाहून तो गप्प झाला, मला होडीच्या आडोशाला बसवले आणि आपल्या थर्मासमधला गोड चहा दिला. दहा मिनिटांनी हात थरथरायचे थांबले. शरम मात्र गेली नाही. जी बाई वर्गात मुलांना निसर्गाचे रक्षण शिकवते, तिला हे एका कोळ्याने सांगावे लागले.

ती वेल आपण इथे बातातराँ म्हणतो. रताळ्याच्या जातीची, जांभळट फुलांची. तिच्या लांब फांद्या वाळू धरून ठेवतात. हिवाळ्यात दक्षिणेकडून मोठ्या लाटा येतात तेव्हा याच वेलींच्या आधाराने किनारा टिकतो. पुढे मला कळले की कोकणात हिला मर्यादवेल म्हणतात. जिथे ती उगवते, तिथे समुद्राची मर्यादा संपते. आपल्या पूर्वजांच्या गावी हे नाव होते. इथे वेल आहे, पण आपण नाव विसरलो.

त्या दिवसापासून मी काही नियम पाळते. ज्यांना ही सायकल चालवायची असेल त्यांच्यासाठी ते लिहिते.

सकाळीच निघावे, तेव्हा वारा त्या मानाने कमी असतो. जाताना वाऱ्याकडे तोंड करून, म्हणजे दक्षिण किनाऱ्यावर पूर्वेकडे जावे. परतताना वारा पाठीशी राहतो. आधी कष्ट, मग विश्रांती.

ओहोटीच्या वेळी पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवरूनच चालवावे. आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्या आसपास असल्यामुळे ही पट्टी अरुंद असते. ती संपली की उतरून सायकल ढकलावी. वेलींवर चाक घालू नये. मनाईची पाटी असेल तिथे जाऊच नये. हवामान खात्याने मोठ्या लाटांची सूचना दिली असेल तर घरीच राहावे. ग्री-ग्रीला तर प्रवाळाची भिंत तुटलेली आहे आणि लाटा थेट खडकावर येतात. तिथे सायकल वर ठेवून समुद्र लांबूनच पाहावा.

ज्यांना साखरेची गोळी आहे त्यांनी खाऊन निघावे, खिशात काहीतरी गोड ठेवावे आणि एकटे जाऊ नये. घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून साखळीला तेल द्यावे. खारे पाणी आणि वाळू लोखंडाला लवकर खातात.

या हिवाळ्यात माझी साखर बरीच ताब्यात आहे. तो कोळी अजून भेटतो. मी थर्मास नेते, आता चहा माझा असतो. येत्या गणेश चतुर्थीला बाप्पाला निरोप द्यायला आपण सारे किनाऱ्यावर जाऊ, तेव्हा पायाखाली जांभळ्या फुलांची वेल दिसली तर मुलांना तिचे नाव सांगा, आणि तिला वळसा घालून पाण्याकडे जा.