बिनचौकटीची काच

दार उघडं होतं, म्हणजे सोलून ठेवल्यासारखं उघडं. आतलं पॅड काढून भिंतीला टेकवलेलं, त्यामागची स्पंजची शीट अर्धी उलटलेली, आणि पत्र्याच्या भोकातून मेस्त्रींचा हात कोपरापर्यंत आत. डोळे मिटून ते तळ चाचपत होते. हात बाहेर आला तेव्हा मुठीत खडीसाखरेसारखे काचेचे दाणे. "चौथ्यांदा काढतोय," म्हणत त्यांनी ते रंगाच्या रिकाम्या डब्यात ओतले. डबा अर्ध्याच्या वर भरला होता.

संपादकांनी खरं तर भलत्याच कामाला पाठवलं होतं. पुणे जिल्ह्यातल्या काचेवर लिहायचं होतं. विषय मोठा आहे आणि सनावळ्याही तयार आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि त्या पैशातून 1908 साली तळेगाव दाभाडे इथं काच कारखाना निघाला. सातारा जिल्ह्यात ओगले बंधूंच्या कारखान्यातून प्रभाकर कंदील घरोघरी गेला. आज भोसरीला आणि चाकणला सेंट-गोबेन सेक्युरिटचे कारखाने गाड्यांच्या काचा करतात. एवढं टिपून झालं होतं. मग ओळखीतल्या एका डॉक्टरबाईंच्या गाडीची हकीकत कानावर आली आणि चाकणला जाणारी वाट सिंहगड रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत, मेस्त्रींच्या गॅरेजकडे वळली.

गाडी पोर्शे बॉक्स्टर, 2008 सालची, बाईंनी जुनी घेतलेली. 1993 च्या डेट्रॉईट प्रदर्शनात नमुना म्हणून दाखवलेली ही दोन आसनी, कापडी टपाची गाडी 1996 मध्ये विक्रीला आली, आणि त्या वेळी अडचणीत असलेल्या पोर्शेला तिनं हात दिला. मागणी इतकी वाढली की श्टुटगार्टचा कारखाना पुरेना. मग 1997 पासून 2011 पर्यंत फिनलंडमधल्या उसिकाउपुंकी गावी वाल्मेट कंपनीच्या कारखान्यातही बॉक्स्टर बनत राहिली. गाडी कुठली हे चॅसी नंबरातल्या अकराव्या अक्षरावरून कळतं: एस असेल तर श्टुटगार्ट, यू असेल तर उसिकाउपुंकी. बाईंच्या गाडीला यू आहे आणि त्याचं त्यांना कौतुक. मेस्त्रींना नाही.

बॉक्स्टरचं इंजिन आसनांच्या पाठीमागे असतं, त्यामुळे सामानाला दोन डिक्क्या मिळतात, एक पुढे आणि एक मागे. दोन डिक्क्या असून बाईंनी लॅपटॉपची बॅग शेजारच्या सीटवर ठेवली. दहा मिनिटांचं काम होतं. परत आल्या तर बॅग नव्हती आणि डाव्या काचेच्या जागी हवा.

अशी काच फोडायला हातोडी लागत नाही. बाजूची काच कडक केलेली, टफन्ड असते. सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आक्रसतो आणि बाहेरच्याला कायमचा आवळून धरतो. हा दाब चौरस सेंटिमीटरला 700 किलोच्या घरात किंवा त्याहून जास्त असतो. म्हणून अशा काचेवर बुक्की मारली तर हात दुखतो. पण दाबलेला थर जाडीच्या जेमतेम एक पंचमांश. बेचकीतला पोलादी छर्रा किंवा स्पार्क प्लगच्या चिनी मातीचा कपचा तो थर एका बिंदूवर भेदून गेला की कोंडलेला सगळा ताण एकदम सुटतो आणि क्षणात अख्ख्या काचेचे दाणे होतात. युरोपातल्या 43 क्रमांकाच्या नियमानं त्याचाही हिशेब ठेवला आहे: पाच सेंटिमीटरच्या चौकोनात किमान चाळीस तुकडे व्हायलाच हवेत. तुकडे मोठे राहिले तर काच नापास. फुटावं कसं याचीही परीक्षा देणाऱ्या वस्तू जगात थोड्याच असतील.

याचा दुसरा परिणाम असा की ही काच एकदा कडक झाली की ती कापता येत नाही, घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. सगळं आधी. त्यामुळे "समोरच्या काचवाल्याकडून एक कापून घ्या" हा सोसायटीतल्या काकांचा सल्ला बाद झाला. शिवाय बॉक्स्टरची काच सपाट नसते, तिला बाक असतो. तीच काच हवी, त्याच गाडीची आणि त्याच बाजूची.

ती मिळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि ते जूनचे होते. दारावर जाड प्लास्टिक चिकटवलं, ते टिळक रस्त्यावरच फडफडून सुटलं. चिकटपट्टी कापडी टपाला लावू नका, सुटताना कापडाचे धागे ओढते, असं मेस्त्रींनी बजावलं होतं. पण पावसाला ते ठाऊक नव्हतं. अखेर ब्रिटनमधल्या एका भंगारवाल्याकडून, मोडीत निघालेल्या बॉक्स्टरची काच कुरियरनं आली. मेस्त्रींनी खोका उघडून आधी तिच्या कोपऱ्यातला शिक्का पाहिला. तिथं वर्तुळात ई हे अक्षर आणि शेजारी मंजुरी देणाऱ्या देशाचा आकडा असतो: जर्मनीचा 1, फ्रान्सचा 2, ब्रिटनचा 11, फिनलंडचा 17. मग त्यांनी पोऱ्याला गोधडी अंथरायला लावली. कडक काचेचं पोट दणकट असतं, पण कड नाजूक. फरशीवर कड टेकवताना टक् झालं तरी पुन्हा दाण्यांचाच डबा.

मेस्त्री पन्नाशीच्या पुढचे. त्यांनी हात बसवला तो प्रीमियर पद्मिनीवर, जिला सगळे फियाटच म्हणत. तिच्या पुढच्या दारात छोटं त्रिकोणी तावदान असायचं, त्यामागची मोठी काच हँडल फिरवून वरखाली व्हायची, आणि तिच्या चारी बाजूंनी पत्र्याची चौकट. चौकटीत काच कुठं जाणार? थोडी तिरकी चढली तरी चौकट तिला सरळ करून घेते. बिनचौकटीच्या दारात ती सोय नाही. टप उघडला की दाराच्या वर काहीच उरू नये, असा या गाड्यांचा हट्ट असतो. काच बंद करायची तर ती कमरेतून उभी राहून, हवेत तोल सांभाळत, टपाच्या रबरात नेमकी जाऊन बसली पाहिजे.

पूर्वी यावर साधा उपाय होता: काचच नको. 1954 च्या पोर्शे 356 स्पीडस्टरला बाजूनं अडकवायचे पडदे होते. इंग्रजांच्या एमजीएलाही तसेच. 1962 च्या एमजीबीला मात्र वरखाली होणाऱ्या काचा आल्या. भिजणं हा त्या गाड्यांच्या किमतीतच धरलेला भाग होता.

बॉक्स्टरची तऱ्हा निराळी आणि याच तऱ्हेनं मेस्त्रींना (आणि खरं सांगायचं तर या लेखालाही) गुंतवून ठेवलं. बाहेरून कडी ओढली की दार सुटण्याआधी काच सुमारे दहा मिलिमीटर खाली उतरते, रबराच्या खाचेतून स्वतःला सोडवून घेते. दार लावलं की पुन्हा तेवढीच वर चढून खाचेत शिरते. कडीत आणि कुलपात मायक्रोस्विच असतात, ते ही वर्दी देतात. उंबरठ्यावर मान लववून आत यावं तशी ही हालचाल. मालक ती दिवसातून वीस वेळा करवतो आणि त्याच्या ध्यानातही येत नाही.

काम सुरू करताना मेस्त्रींनी बॅटरीची तार काढली, पण त्याआधी दोन गोष्टी केल्या. शाबूत असलेली उजवी काच खाली घेतली, कारण बॅटरी गेली की काच मान लववत नाही आणि दार बंद करताना रबरावर आपटते. आणि पुढची डिक्की उघडी ठेवली, कारण बॅटरी तिच्यातच आणि तिचं कुलूप विजेवर चालणारं. ती चुकून बंद झाली तर फ्यूजपेटीतून वीज देऊन ती उघडण्याची उठाठेव करावी लागते. मग बिडी नाही, चहा. दहा मिनिटं थांबायचं. या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये डोक्याचं रक्षण करणारी एअरबॅग दाराच्या वरच्या कडेतून उसळते, म्हणजे काच बसवणाऱ्याचं तोंड जिथं असतं तिथूनच. साठलेली वीज उतरू द्यायची असते.

पॅडचे स्क्रू झाकणांच्या मागे लपलेले. ते काढले, क्लिपा सुटल्या, दोन तुटल्या. आत जिला गॅरेजात सगळे "मशीन" म्हणतात ती: एक मोटर, तारेची दोरी, दोन रुळ आणि रुळांवर सरकणाऱ्या दोन पकडी. काच वरून, कमरेच्या फटीतून तिरकी करून आत सोडायची आणि पकडींत बसवायची. त्याआधी दाण्यांचा निकाल लावायचा. एखादा दाणा फटीतल्या फेल्टमध्ये अडकून राहिला तर नवी काच पहिल्याच फेरीत ओरखडते. तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात, ती दाण्यांनी बुजली तर दारात पाण्याचं टाकं होतं.

"काच बसवायला तास लागतो, मॅडम," मेस्त्री म्हणाले. "सेटिंगचं मला विचारू नका."

सेटिंग म्हणजे तीन गोष्टी. काच किती वर जाते, पुढे-मागे समतल आहे का, आणि वरची कड आत किती झुकते. पकडींची आणि रुळांची भोकं लांबट असतात, तेवढीच मुभा. झुकाव कमी पडला तर पाणी येतं. जास्त झाला तर काच रबरात रुतते आणि मोटरला वाटतं कुणाचं बोट सापडलं. ती काच उलटी खाली घेते. यातला एक स्क्रू हलवला की बाकीचे दोन हिशेब बदलतात. त्यात टप सोळा-सतरा वर्षांचा. कापड ताणलेलं, रबर बसलेलं. उजवी काच त्या म्हाताऱ्या रबराशी इतक्या वर्षांत जुळवून घेऊन बसलेली. डावी परक्या गाडीतून आलेली.

मेस्त्रींनी बॅटरी जोडली, पण काचेला स्वतःची हद्द आठवत नव्हती. तार सुटली की ती विसरते. बटण धरून तिला पार वरपर्यंत नेऊन तिथं क्षणभर थोपवलं, तेव्हा कुठं शेवट कळला. मग त्यांनी रबरावर खडूची पूड चोळली, काच चढवली आणि उतरवली. काचेवर पांढरी रेघ उमटली. मधे ठळक, मागच्या कोपऱ्यात पुसट. अर्धा फेरा. पुन्हा पूड. दार सतत उघड-बंद करायला नको म्हणून त्यांनी दार उघडंच ठेवून कुलपाची जीभ पेचकसानं मिटवली. गाडीला वाटलं दार लागलं आणि काच वर चढली. युक्ती सोपी, पण जीभ पुन्हा मोकळी न करता दार आपटलं तर कुलूप खांबावरच्या खुंटीवर आदळतं. पोऱ्यानं तेच करायला घेतलं होतं. मेस्त्रींचा हात मधे आला. त्यांनी शिवी गिळली, कारण मॅडम उभ्या होत्या.

 तार सुटली की ती विसरते. बटण धरून तिला पार वरपर्यंत नेऊन तिथं क्षणभर थोपवलं, तेव्हा कुठं शेवट कळला.शेवटी कडी ओढली. उजवी काच लवली. डावी ढिम्म. पुन्हा ओढली, लवली. तिसऱ्यांदा नाही. म्हणजे काच नव्हे, कडीतला मायक्रोस्विच, आणि त्याच्यासाठी पकडी सोडून काच पुन्हा वर ओढून बांधून ठेवायची. संध्याकाळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी स्विच बदलला. दहाची नोट रबरात धरून काच बंद करायची आणि नोट ओढायची. हाताला सगळीकडे सारखा ताण लागला पाहिजे. लागला. मग पाइपनं पाणी, खालून सुरू करून हळूहळू वर, म्हणजे गळती नेमकी कुठं ते कळतं. आत थेंब नाही. बाई खूश. मेस्त्री नाहीत.

"आता शंभरला बघू," ते म्हणाले.

उभ्या गाडीत काच दाबून बसलेली असते. गाडी पळाली की पुढच्या खांबाला वळसा घालणारी हवा वेगानं जाते, बाहेरचा दाब उतरतो आणि काच बाहेर ओढली जाते. तिला धरायला चौकट नाही. झुकावात ठेवलेला ताण एवढाच आधार. गॅरेजात शंभर टक्के जमलेलं सेटिंग किवळ्याला द्रुतगती मार्गाला लागलं की शिट्टी वाजवू शकतं.

गाडीत जागा दोघांचीच, त्यामुळे ही फेरी लेखकाच्या वाट्याला आली नाही. पुढचं त्या दोघांनी सांगितलेलं. बाई चालवत होत्या, मेस्त्री डावीकडे कान काचेला लावून. ऐंशीपर्यंत शांत. नव्वदला बारीक शीळ. शंभरला, म्हणजे तिथं मोटारींना मुभा आहे तेवढ्याला, रेडिओ झाकला जाईल इतकी. मेस्त्रींनी काचेचा मागचा वरचा कोपरा दोन बोटांनी आत ओढून धरला. शीळ थांबली. सोडला, पुन्हा सुरू. तळेगावला वळेपर्यंत त्यांनी हे सात-आठ वेळा केलं आणि मग खिशातून मार्कर काढून काचेवर एक फुली मारली.

"मागचा रुळ," ते म्हणाले. "दीड मिलिमीटर. जास्त नाही."

परत आल्यावर पॅड पुन्हा निघालं. आणखी एक क्लिप तुटली. पोऱ्या गोधडी अंथरत होता, आणि बाईंनी शनिवारच्या सगळ्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या.