नकाशावरील ठिपके आणि चौकटींची कसोटी

कारखान्यात कोणाचे बोट तुटले की दोन उत्तरे तयार असतात. मालक म्हणतो, दैव. कामगार म्हणतो, ती जागाच वाईट. सातपूर-अंबडच्या कामगारांत वावरताना आम्ही दोन्ही पुष्कळ ऐकली. आवाज चढवून यांचा निकाल लागत नाही. खात्याचा नकाशा काढावा, प्रत्येक अपघाताच्या जागी तांबडा ठिपका द्यावा आणि विचारावे : हे ठिपके यदृच्छेने पडले आहेत काय?

येथे नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. दाणे मुठीने फोकले तर कोठे तीन-चार एकत्र पडतात, कोठे हातभर जागा मोकळी राहते. यदृच्छा अशीच असते. सारखे अंतर मुद्दाम राखावे लागते, जसे आपल्याकडील द्राक्षबागेत वेलींचे राखतात.

१९४४ साली लंडनवर जर्मनांचे उडते बाँब पडू लागले, तेव्हा ते ठराविक ठिकाणी पुंजक्यांनी पडतात असे लोक बोलत. विमाव्यवसायातील गणिती आर. डी. क्लार्क यांनी १९४६ साली याचा हिशेब प्रसिद्ध केला. दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश, त्याच्या सारख्या ५७६ चौकटी, बाँब ५३७. फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या सूत्राप्रमाणे, निव्वळ यदृच्छा असेल तर सुमारे २२७ चौकटी रिकाम्या राहावयास हव्यात, राहिल्या २२९. एकच बाँब पडलेल्या २११ हव्यात, निघाल्या २११. पुंजके होते, नेम नव्हता.

आता आपला नकाशा घेऊ. समजा, वीस चौकटी आणि वीस ठिपके, सरासरी एक. प्रत्येक चौकटीतील संख्येतून सरासरी वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा, सर्व वर्गांची बेरीज घ्या. सात चौकटी रिकाम्या, आठांत एकेक, तिहींत दोन-दोन, दोहोंत तीन-तीन असे असेल तर बेरीज १८ येते. चौकटींहून एक कमी, म्हणजे १९ ने भागले की मिळते प्रचरण, ०.९५. प्रचरण सरासरीच्या जवळपास असले तर यदृच्छा मानण्यास हरकत नाही. फार कमी असले तर द्राक्षबाग. पण बारा रिकाम्या, चारांत एकेक, दोहोंत दोन-दोन आणि उरलेल्या दोहोंपैकी एकीत पाच, एकीत सात असतील तर बेरीज ६६, प्रचरण जवळजवळ साडेतीन. या मांडणीत निव्वळ यदृच्छेने बेरीज ३० च्या वर जाणे शंभरात सुमारे पाचदाच घडते. ६६ ला दैव म्हणणे अवघड आहे.

चौकटी ठिपके पाहण्यापूर्वी आखाव्यात, आणि रेघेवरचा ठिपका कोणाचा हेही आधीच ठरवावे. मोजणाऱ्याचा हात आत ओढतो. साताऱ्याकडील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीककापणीच्या पाहणीत हेच दाखविले : नमुन्याचा तुकडा लहान घेतला की कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते.

सात ठिपक्यांच्या चौकटीत माणसेही सातपट राबत असतील, तर जागेला दोष देता येणार नाही. कामाचे तास पाहून हिशेब करावा लागेल. कामगारांच्या बाजूनेही ही शंका आधी काढलेली बरी.

आणि ठिपके यदृच्छेने विखुरलेले निघाले, तर मालक सुटला काय? कसोटी एवढेच म्हणते की कोणतीही एक जागा विशेष वाईट नाही. लंडनवरचे बाँब यदृच्छेने पडले, तरी सोडणारा होताच. अशा वेळी साऱ्या खात्याला लागू असलेल्या गोष्टी तपासाव्या लागतात : यंत्राची गती, पाळीचे तास, काढून ठेवलेली संरक्षक जाळी.