पुराला दिलेली वाट : पंचगंगेच्या खोऱ्यातील तीन रचना

कोल्हापुरास येणारा जिज्ञासू प्रवासी बहुधा देवालये एका दिवशी, धरणे दुसऱ्या दिवशी आणि धबधबे सवडीप्रमाणे पाहतो. अशा पाहण्यात या स्थळांचा परस्परसंबंध नजरेतून निसटतो. तोच प्रवास पाण्याच्या ओघाबरोबर केला, तर येथील निरनिराळ्या काळांतील बांधकामांत एक समान तत्त्व आढळते. पाणी अडवावे, परंतु पुराला वाट ठेवावी, हे ते तत्त्व होय.

प्रवासाचा आरंभ सह्याद्रीच्या कुशीत करावा. राधानगरीजवळचा राऊतवाडीचा धबधबा पावसाळ्यात पाहिला म्हणजे येथील पर्जन्याची कल्पना येते. याच परिसरात भोगावतीवर राधानगरी धरण उभे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत सुरू झालेले हे काम मध्यंतरी थांबले आणि महाराजांच्या निधनानंतर (१९२२) बऱ्याच वर्षांनी पूर्ण झाले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीस पोचले की आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात.

पुढे कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखली येथे एकत्र येते. गुप्त सरस्वती ही परंपरेने मानलेली पाचवी नदी; म्हणून संगमापुढील प्रवाहास पंचगंगा म्हणतात. कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा हा ‘कोल्हापूर पद्धती’च्या बंधाऱ्याचा नमुना आहे. पावसाळा सरल्यावर त्याच्या खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवितात व पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. त्यामुळे पुराचे पाणी व गाळ खांबांमधून पुढे जाऊ शकतो.

तिसरी रचना देवालयाची. नृसिंहवाडी येथे पंचगंगा कृष्णेस मिळते. येथील दत्तमंदिर नदीच्या काठाशी, घाटावरच आहे. मंदिरात पूजा होते ती पादुकांची. पाणी वाढू लागले की उत्सवमूर्ती उंचावरील मठात नेतात. कृष्णेचे पाणी उत्तरेकडून मंदिरात शिरून, पादुकांवरून वाहत दक्षिण द्वाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक त्यात स्नान करतात. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी चढताना होणारा तो ‘चढता’ आणि ओसरताना होणारा ‘उतरता’ अशी दोन नावे लोकांनी दिली आहेत. अन्यत्र जी आपत्ती ठरते, ती येथे पूजाविधीचा भाग झाली आहे.

तथापि या तत्त्वास मर्यादा आहेत. संगमापाशी कृष्णाच दुथडी भरून वाहत असेल, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही. त्याचा फुगवटा मागे, सखल प्रदेशात पसरतो. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. २०२१ मध्येही महापूर आला. नदीच्या पसरण्याच्या जागेत वस्ती व भराव वाढले की जुन्या रचनांनी राखलेली वाट अपुरी पडते.

दक्षिणद्वार सोहळ्याच्या वार्ता स्थानिक वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. त्यांतील तारखा बंधाऱ्यावरील पातळीच्या नोंदींशी ताडून पाहिल्यास नदीच्या वागणुकीचा एक स्वतंत्र इतिहास हाती लागण्याचा संभव आहे. भूगोल व इतिहास या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकत्रितपणे हे काम अंगावर घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.