नुसती माहिती पुरते का?

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तुम्हीही कधीतरी उत्पन्नाच्या दाखल्यापाशी अडकला असाल. हक्काची मदत अनेक घरांपर्यंत पोचतच नाही. का? लोकांना माहिती नसते म्हणून, की अर्ज किचकट असतो म्हणून? यावर कितीही वाद घाला, शेवटी मोजावंच लागतं.

एमी फिंकेलस्टीन आणि मॅथ्यू नोटोविडिग्डो यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ते मोजलं. त्यांचा शोधनिबंध 2019 चा. तिथे गरीब घरांना अन्नखरेदीसाठी सरकारी मदत मिळते, तिचं नाव 'स्नॅप'. बहुधा पात्र असलेले, पण ही मदत न घेणारे साठीपुढचे सुमारे 30,000 लोक त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. पहिल्या गटाला काहीच नाही. दुसऱ्याला फक्त माहितीचं पत्र. तिसऱ्याला पत्र, शिवाय फोनवरून अर्ज भरायला मदत. नऊ महिन्यांत नोंदणी झाली अनुक्रमे 6, 11 आणि 18 टक्के.

आता बघा, पहिला गट नसता तर आपण अख्ख्या 18 टक्क्यांचं श्रेय घेऊन मोकळे झालो असतो! पण 6 टक्के लोक तसेही आलेच असते. म्हणजे खरी वाढ 12 अंकांची. त्यातले 5 माहितीचे, उरलेले 7 मदतीच्या हाताचे.

एक मेख मात्र आहे. या प्रयोगामुळे आलेले लोक नेहमीच्या लाभार्थ्यांपेक्षा कमी गरजू निघाले. म्हणून तुमच्या संशोधन आराखड्यात 'किती वाढले?' याच्या शेजारी 'कोण वाढले?' हाही प्रश्न आधीच लिहून ठेवा. सगळ्यात अडलेलं घर कदाचित अजूनही यादीबाहेरच असेल.