छत्तिसातले उरलेले सहा

१९८९ मध्ये मी पहिला कॅमेरा घेतला, याशिका एमएफ-२. तेव्हा सेनगाव भागातल्या शाळेवर नोकरी होती आणि घर औंढ्याजवळच्या गावात. पाकिटावर पत्ता लिहिताना शेवटी 'जि. परभणी' लिहावं लागे. हिंगोली वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्या दहा वर्षांतल्या माझ्या प्रत्येक फोटोच्या मागे शाईनं जि. परभणी असंच लिहिलेलं आहे.

छत्तीसचा रोल घ्यायचा, तो धुवायला नांदेडला पाठवायचा आणि मग कॉप्या काढायच्या. एका शिक्षकाच्या पगारात हे वर्षातून तीन-चारदाच जमे. त्यामुळे फोटो हे प्रवासाचं काम, असं घरात ठरूनच गेलं होतं. एका उन्हाळ्यात खंडव्याकडे जाणाऱ्या मीटर गेजच्या गाडीनं आम्ही ओंकारेश्वरला निघालो. औंढ्याच्या नागनाथाच्या परिसरातली माणसं, एका ज्योतिर्लिंगाकडून दुसऱ्याकडे. अकोट मागे पडलं की गाडी मेळघाटाच्या डोंगरात शिरायची, आणि धूळघाटजवळ रूळ स्वतःलाच वळसा घालून चढायचा. त्या एका वळणासाठी मी सात फ्रेम खर्च केल्या. पुढे नर्मदेचा घाट, होड्या, नातेवाइकांसह ओळीनं उभं राहून काढलेले फोटो. घरी आलो तेव्हा रोलमध्ये सहा उरले होते.

अर्धा-मुर्धा रोल धुवायला देववत नाही. आई म्हणाली, "संपवून टाक बाबा, म्हणजे तिकडले तरी बघायला मिळतील." मग ते सहा मी कसेही संपवले. माळवदावर कुरडया घालणारी आई. ओट्यावर दाढी करून घेणारे वडील. रिकामा गोठा. आठवडी बाजारातलं बांगड्यांचं दुकान. पुढच्या वीस वर्षांत प्रत्येक रोलचं असंच झालं: तीस प्रवासाचे, सहा उरलेले. आज जुने अल्बम काढले की घाटाची पानं मी भराभर उलटतो. ओंकारेश्वर अजून तिथंच आहे, कधीही जाऊन बघता येईल. ते माळवद राहिलं नाही.

कॅमेऱ्यानं मला आधी माझं गावच बघायला शिकवलं. नागनाथाचं देऊळ मी लहानपणापासून पाहत होतो. पण फोटोत ते कधी नीट येईना. खालचा सगळा भाग जुन्या काळ्या पाषाणाचा, अंगभर शिल्पं. वरचं शिखर नंतरच्या काळातलं, चुन्यातलं, फिकट. दुपारी फोटो घेतला तर शिखर पांढरंफेक, नाहीतर शिल्पं काळीठिक्कर. कितीतरी फ्रेम गेल्यावर कळलं की भिंतीला ऊन समोरून नको, कडेनं घासून जायला हवं. मग कुठल्या भिंतीवर ऊन केव्हा घासून जातं ते बघून माझा क्रम ठरला. नंदी मागच्या बाजूला आहे. संत नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं, ही कथा इथं पोरासोरांनाही पाठ. त्या मागच्या अंगाला तशा उन्हाची जी दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यात दगडातली बोटंसुद्धा मोजता येतात. त्यासाठी मी सायकलवर अनेकदा गेलो, आणि पुष्कळदा फोटो न काढताच परतलो. ते दिवस वाया गेले असं मला कधी वाटलं नाही.

हळदीनं मात्र फार दिवस दमवलं. मार्च-एप्रिलमध्ये वसमतकडे गेलात तर वाटेवर वास आधी भेटतो. शेतात हळद शिजत असते, वाफेत माणसं दिसेनाशी होतात, आणि शिजलेली हळद उन्हात पसरली की डोळे दिपतात. तो पिवळा फोटोत यायचाच नाही. नांदेडहून कॉप्या यायच्या त्या मातकट, करड्या. कारण कळायला दोन हंगाम गेले. कॉपी काढणारं मशीन सगळ्या रंगांची सरासरी धरतं. एकच रंग फार झाला की तो दोष समजून दाबतं. चौकटभर हळद म्हणजे मशीनच्या लेखी चूक! उपाय सोपा निघाला. ढिगाबरोबर पांढरं धोतर घ्यायचं, निळं आभाळ घ्यायचं, एखादी हिरवी साडी. म्हणजे रंगासाठी माणसं फोटोत आली. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी ते सगळे फोटो पुन्हा काढून बघितले. हळद खरंच पिवळी दिसते ती त्या माणसांमुळे.

हिंगोलीच्या दसऱ्याचे माझे फोटो कमीच आहेत. त्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे पोचत नसे. रावणदहन मैदानावर कितीही भव्य असलं तरी कागदावर फक्त पुढच्यांची डोकी येत. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी सेनगाव, औंढा, जवळा बाजार अशी जाते. तिच्या वाटेवर उभं राहून काढलेले फोटो पुष्कळ, पण त्यांतला मला जवळचा एकच: पालखी पुढे गेल्यावर रस्त्यावरच्या पत्रावळी गोळा करणारी एक म्हातारी. तोही उरलेल्यांतलाच.

पुढे डिजिटल आला, मग फोन. रोल संपवायची गरज उरली नाही, त्यामुळे उरलेले सहाही राहिले नाहीत. मला नव्याचा राग नाही. पहाटे दळणाच्या रांगेत, एसटीच्या खिडकीत, कयाधूच्या पुलावर, आता कुठंही फोटो घेता येतो, आणि मी घेतो. पण एका हार्ड डिस्कबरोबर माझी तीन वर्षं गेली, आणि १९८९ च्या निगेटिव्ह अजून पत्र्याच्या डब्यात शाबूत आहेत. तेव्हापासून दर महिन्याला सहा फोटो निवडून कागदावर काढून घेतो. मागे गाव, तारीख, नावं लिहितो.

गेल्या वर्षी ओळखीचा एक शेतकरी घरी आला. "गुरुजी, आमच्या मायचा एखादा फोटू हाय का वो तुमच्याकडं? आमच्याकडं एकबी नाही."

वेरूळच्या सहलीच्या रोलमधली पस्तिसावी फ्रेम सापडली. हळदीच्या कढईजवळ उभी असलेली त्याची आई, पदर कमरेला खोचलेला, वाफेनं अर्धा चेहरा झाकलेला, मागे दावणीला पांढरा बैल. भिंतीवर लावायचे फोटो करताना आम्ही चेहरा तेवढा घेतो, बाकीचं कापतो. मी त्याला म्हणालो, चेहरा मोठा करून देतो.

त्यानं फोटो उन्हाकडे धरला. बराच वेळ बघत राहिला. बैलावर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो ढवळ्या. अन् ह्यो आमचा जुना पार." मग म्हणाला, "कापू नका गुरुजी. हाय तसा येऊ द्या."