अंधेरीचा कातळ आणि चंद्रावरील काच

अंधेरी पश्चिमेस इमारतींच्या गर्दीत सुमारे 61 मीटर उंच उभी असलेली गिल्बर्ट टेकडी म्हणजे शिलारस थिजताना स्तंभाकार तडकलेला काळा बसाल्ट होय. लोक तिचे वय सरसकट साडेसहा कोटी वर्षे सांगतात, परंतु 2001 साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-कालमापनाने ते सुमारे 6 कोटी 5 लाख ठरवले. शिलारस सावकाश निवला म्हणजे अणूंना आपापल्या जागी बसून स्फटिक होण्यास सवड मिळते. तोच पाण्यात पडून वा हवेत उडून क्षणार्धात गोठला, तर अणू अस्ताव्यस्त राहून काच होते. मुंबई परिसरात पाण्याखाली ओघळलेल्या लाव्ह्याच्या उशीसारख्या गोळ्यांना अशा काचेची साल होती; पण काच मुळात अस्थिर आणि येथे पाणी मुबलक, म्हणून तिचा बहुतांश पालागोनाइट नावाच्या पिवळट-तपकिरी पदार्थात पालटून गेला.

चंद्रावर हा नाश होत नाही. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो-17 चे भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यांना शॉर्टी विवराच्या काठी सापडलेली नारिंगी माती सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या काचमण्यांची निघाली.

जेथे माणूस पोहोचत नाही तेथे अशी काच ओळखण्यासाठी परावर्तित सूर्यप्रकाशातील अवरक्त भागाची साक्ष काढावी लागते. पायरॉक्सीन या स्फटिकरूप खनिजातील लोह 1 आणि 2 मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते. ऑलिव्हीन या दुसऱ्या खनिजाचा रुंद पट्टा 1 च्या किंचित पुढे असतो, 2 जवळ काही नसते. आणि काचेत लोहाला ठरीव जागाच नसल्यामुळे तिचे पट्टे उथळ, पसरट आणि साधारण 1.1 ते 1.2 व 1.9 ते 2 जवळ उमटतात. गोम अशी की ऑलिव्हीन-पायरॉक्सीनचे मिश्रणही जवळजवळ असाच दाखला देते, आणि मातीत बहुतांश काच असल्याखेरीज तिची खूण स्फटिकांच्या खुणांखाली दडपली जाते. म्हणून केवळ वर्णपटावर निवाडा देणे मला घाईचे वाटते. ज्वालामुखीच्या तोंडाभोवती पसरलेला काळसर थरही नकाशावर दिसला पाहिजे.

ऑक्टोबर 2008 मध्ये निघालेल्या चांद्रयान-1 वरील नासाच्या खनिज-नकाशा उपकरणाने हे काम मोठ्या प्रमाणावर शक्य केले, आणि त्याच्याच दप्तरातून 2017 साली अशा काचमय थरांत पाण्याचा अंश असल्याचे दोघा संशोधकांनी दाखवले. पण ते उपकरण 3 मायक्रोमीटरपाशी थांबत असे, आणि पाण्याची खूण नेमकी तेथेच, जमिनीची स्वतःची उष्णता परावर्तित प्रकाशात मिसळते अशा ठिकाणी येते. चांद्रयान-2 वरील इस्रोचे उपकरण 5 मायक्रोमीटरपर्यंत मोजते, त्यामुळे ही उष्णता वजा करण्यास अधिक भक्कम आधार मिळतो.